कोटातली माणसे

आमची धाकटी कन्या जर्मनीत असते. गेल्या उन्हाळ्यात ती आणि जावईबापू क्रोएशियातल्या स्प्लिट नावाच्या समुद्रकाठच्या गावी आठ दिवस राहून आले. डायोक्लेशियन नावाच्या रोमन बादशहाने तिथे सतराशे वर्षांपूर्वी एक प्रचंड राजवाडा बांधला. तिने फोटो पाठवले, ते पाहताना मला नवल वाटले ते राजवाड्याचे नव्हे, तर त्याच्या भिंतीवरून दोरी बांधून वाळत घातलेल्या चादरींचे. खांब रोमन, कमानी रोमन, आणि कमानीच्या पोटात कुणाचे तरी स्वयंपाकघर! खिडकीत कुंडी, कुंडीत तुळशीसारखे काहीतरी. सौ. म्हणाली, "अगंबाई, बादशहाच्या घरात बिऱ्हाडं!"

तसेच आहे ते. हा डायोक्लेशियन मोठा चमत्कारिक गृहस्थ. इ.स. ३०५ मध्ये भर सत्तेत असताना त्याने गादी सोडली आणि आपल्या मुलखात येऊन भाजीपाला लावत बसला. परत गादीवर या म्हणून लोक बोलवायला आले, तेव्हा मी लावलेला कोबी बघाल तर असे म्हणणार नाही, असे त्याने उत्तर दिल्याचे सांगतात. (आम्हा निवृत्त मंडळींना हा बादशहा फार जवळचा वाटतो.) तो गेला. पुढे सातव्या शतकात शेजारचे सलोना हे शहर टोळ्यांनी लुटले आणि तिथले निर्वासित जीव वाचवायला या रिकाम्या वाड्यात शिरले. ते शिरले ते कायमचेच. ज्याने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्याच्या समाधीचेच त्यांनी चर्च केले, आणि त्याच्याच राजवटीत मारल्या गेलेल्या एका बिशपचे नाव त्या चर्चला दिले. १९७९ साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारशात घेतले, ते माणसांसकट. कुणाला उठवले नाही.

कन्या फोनवर म्हणाली, "बाबा, आपल्याकडे असं काही नाही ना?" मी म्हटले, आहे की. तू लहान असताना आपण मुरुडला गेलो होतो, तेव्हा एसटी एका पडक्या तटाच्या आतून गेली होती आणि तू खिडकीतून नारळ मोजत होतीस. तेच ते, रेवदंडा. पण आपण तेव्हा उतरलो नव्हतो. म्हणून यंदाच्या थंडीत आम्ही उभयता मुद्दाम चौल-रेवदंड्याला चार दिवस राहून आलो. तिथून आल्यापासून एक विषय डोक्यात घोळतो आहे. पडक्या किल्ल्यात, जुन्या अवशेषांत माणसांनी राहावे की राहू नये? माझे मत आधीच सांगून टाकतो. राहावे. राहिलेच पाहिजे. आता हे म्हणणे वाटते तितके सरळ नाही, हेही तिथेच कळले; ते पुढे येईलच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. (शिक्षकाची खोड, जात नाही.) अलिबागच्या दक्षिणेला कोस-दीड कोसांच्या अंतराने गावे लागत जातात, त्यांतले चौल आणि त्याला चिकटलेले रेवदंडा. खाली कुंडलिका नदीची खाडी समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे डोंगराचे एक नाक समुद्रात घुसलेले आहे, त्यावर कोर्लईचा किल्ला. बंदराला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. म्हणूनच दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक-रोमन खलाशांसाठी लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात सोपारा आणि कल्याण यांच्या मागोमाग 'सेमिल्ला' हे नाव येते. टॉलेमीच्या भूगोलात ते आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या यादीत 'चेमुल'ची माणसे आहेत. पुढे अरब त्याला सैमूर म्हणू लागले. मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला, आणि इथे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे यांनी या शतकाच्या आरंभी चौलला उत्खनन केले. त्यात सातवाहनकाळातील वस्तीचे अवशेष मिळाले.

म्हणजे रोमन लोकांनी चौलला राजवाडा बांधला नाही. ते माल घेऊन येत आणि माल घेऊन जात. आमच्या बाजूच्या मंडळींनी याचा पुरावा बघायला कोकणात जायचीही गरज नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पॉसिडॉन या समुद्रदेवाची वीतभर उंचीची काशाची मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती सापडली. शाळेच्या सहली नेत असे तेव्हा मी मुलांना तिच्यापुढे उभे करायचो आणि विचारायचो, "समुद्राचा देव डोंगर चढून कोल्हापूरला कसा आला?" एकदा एक मुलगा म्हणाला होता, "सर, बाजाराला आला असंल." याहून अचूक उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही. त्या काळी रोमहून येणाऱ्या मालात मद्य असे, आणि इटलीच्या मद्याला आपल्याकडे विशेष मागणी होती, असे 'पेरिप्लस'मध्येच लिहिले आहे. आज आमच्या तालुक्यात जिकडे तिकडे द्राक्षाच्या बागा आहेत, 'तास-ए-गणेश' हा वाण तर तासगावचेच नाव घेऊन देशभर गेला. पेरिप्लसवाल्याला हे कळते तर त्याने जहाज कदाचित उलटे भरले असते. असो.

पण आज डोळ्यांना दिसणारे अवशेष पोर्तुगीजांचे. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढे १५२१ मध्ये निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी रेवदंड्याचा कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने कोटाला वेढा घातला, तो काही फळास आला नाही. १५९४ मध्ये पलीकडचे कोर्लईही त्यांनी घेतले. वसई पडल्यावर मात्र त्यांचा उत्तर कोकणातला डाव संपला. १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले. म्हणजे दोनशे वर्षांच्या वर फिरंगी या कोटात होते. चर्च, मठ, घरे, तुरुंग, सगळे होते.

आणि आता? आता तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. डांबरी रस्ता तट ओलांडून आत जातो, त्यावरून रिक्षा, टेम्पो, शाळेची मुले. एका चर्चचा मनोरा उभा आहे, त्याला गावात 'सातखणी' म्हणतात. वरचे खण ढासळलेत, तरी मान वर करून बघावे लागते. आमच्या तासगावच्या गणपतीचे गोपूरही सात मजल्यांचे, त्यामुळे मला हा शब्द ऐकताच घरचा वाटला. तोफा गवतात लोळत पडलेल्या. कुठे अर्धी कमान, कुठे नुसता जिना, आकाशात जाऊन संपणारा. आणि या सगळ्याच्या मधे मधे कौलारू घरे, तुळशीवृंदावने, विहिरी, पत्रे, डिशच्या छत्र्या.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या बाई साठीच्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही त्यांना वहिनी म्हणत होतो. यजमान वारलेत, मुलगा पनवेलला नोकरीला. वाडी एकरभराचीसुद्धा नाही. तिच्या मागच्या अंगाला जुन्या इमारतीची एक भिंत उभी आहे, दोन पुरुष उंच, जांभा आणि काळा दगड आणि चुना. भिंतीवर मिरीचा वेल चढवलाय. पायथ्याशी सुपारी वाळत घातलेली. धुण्याचा दगड म्हणून जो वापरतात त्याच्या एका कडेला नक्षी आहे. मी वाकून बघू लागलो तर वहिनी म्हणाल्या, "त्याच्यावर घासू नका हं कपडे, त्या बाजूला सासूबाई कधी घासू द्यायच्या नाहीत. फुलं आहेत त्याच्यावर."

मंडळी, मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. सासूबाईंना पोर्तुगीज माहीत नव्हते, कोण कुठला व्हाइसरॉय माहीत नव्हता. दगडावर फुले आहेत एवढेच माहीत होते आणि तेवढे पुरेसे होते. पन्नास-साठ वर्षे त्या दगडाच्या तीन बाजूंवर धुणे आपटले गेले आणि चौथी बाजू वाचली. म्युझियममध्ये ठेवला असता तर चारही वाचल्या असत्या, हे खरे. पण रेवदंड्यात असे दगड हजारो आहेत, आणि एवढी म्युझियमे आपण बांधणार नाही, हेही खरे.

दुसऱ्या दिवशी सातखणीजवळ पुण्याहून आलेली आठ-दहा तरुण मुले भेटली. किल्ले हिंडणारी. पाठीवर पिशव्या, पायात चांगले बूट, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत नेणारी. अशा मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी कित्येक गडांवरची टाकी उपसली, झाडोरा काढला. आमच्या पिढीने काय केले? भिंतीवर नावे कोरली. तर त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, ही सगळी घरं उठवली पाहिजेत. किल्ला मोकळा झाला पाहिजे." मी विचारले, "मोकळा झाल्यावर गवत कोण काढणार?" तो म्हणाला, "सरकार." त्याचा मित्रच हसला. दुसरा एक जण म्हणाला, "तसा हा काही आपला किल्ला नाही, फिरंग्यांचा. पडला तर पडला."

या दोन्ही म्हणण्यांवर मी रात्रभर विचार केला. (म्हातारपणी झोप कमीच असते.)

दुसऱ्याचे उत्तर सोपे. ज्या तहाने हा कोट आपल्याकडे आला त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षे झाली. फिरंग्यांपेक्षा आपणच त्यात जास्त काळ राहिलो. शिवाय फिरंगी आपल्या घरात किती शिरलाय ते पाहा. किल्लीला आपण चावी म्हणतो, ती पोर्तुगीज. पगार पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीज, घमेले पोर्तुगीज, हापूससुद्धा 'अफोन्सो'चा. डायोक्लेशियनने लावला त्या कोबीचे आपले नावही पोर्तुगीजच! आमच्या तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे निघतात, त्याला जो लिलाव म्हणतात तो शब्दही 'लैलांव' असा त्यांच्याकडूनच आला. लिलाव चालतो, पगार घेता, बटाटेवडा खाता, आणि भिंत तेवढी परकी?

पहिल्याचे उत्तर अवघड आहे. त्यासाठी आम्ही तिसऱ्या दिवशी खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. माझे गुडघे आता चढाला कुरकुरतात, पण सावकाश गेलो. कोर्लईचा किल्ला डोंगराच्या धारेवर आहे, वर वस्ती नाही. आणि खोटे कशाला सांगू, किल्ला म्हणून तो रेवदंड्यापेक्षा पुष्कळ चांगला टिकलाय. दरवाजे एकामागून एक कळतात, तट सलग दिसतो, चर्चच्या भिंती दिसतात. म्हणजे पुण्याच्या त्या मुलाचे म्हणणे अगदीच चूक नाही. जिथे माणसे नाहीत तिथे दगड जास्त राहिले. रेवदंड्यात ज्याला गोठा बांधायचा होता त्याने तटाचा दगड नेला, विहीर बांधायची होती त्याने चर्चचा नेला. शेकडो वर्षे हेच चालले. स्प्लिटमध्येही असेच चालले असणार, माणसे सगळीकडे सारखीच.

पण कोर्लईच्या वर मला विचारायला कुणी नव्हते. हे काय, ते काय, या दरवाज्याला काय म्हणतात, काही नाही. पाटी वाचावी आणि खाली यावे. आणि खाली आलो तर पायथ्याच्या गावात खरे नवल होते. तिथे ख्रिस्ती वाडी आहे. ती माणसे घरी आपसांत जी भाषा बोलतात ती पोर्तुगीजपासून झालेली आहे. त्यात मराठी मिसळली, वळणे बदलली, पण मूळ पोर्तुगीज. बोलणारे असतील हजाराच्या आतबाहेर. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. १७४० मध्ये राज्य गेले, सैन्य गेले, पाद्री गेले, गोव्याशी संबंध तुटला आणि ही मूठभर माणसे ती भाषा बोलत राहिली. ती लिहिण्यासाठी लिपी ठरलेली नाही, शाळेत ती शिकवत नाहीत. मुले शाळेत मराठीच शिकतात.

एका ओट्यावर एक आजी आणि नातू बसले होते. माझ्याशी दोघेही चक्क आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत बोलले. मग आजी नातवाला काहीतरी म्हणाली, तो आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. ते वाक्य मला कळले नाही. चाळीस वर्षे भाषा शिकवली, पण त्या एका न कळलेल्या वाक्याने अंगावर काटा आला. वरच्या किल्ल्यात जे कुलूपबंद उभे आहे, त्यातले बोलणे खाली ओट्यावर चालू होते. या भाषेला कुणी कुंपण घातले नाही, पाटी लावली नाही. रोज वापरली म्हणून राहिली. वापरताना बदलली, झिजली, तिच्यात मराठी शब्द घुसले. एखाद्या शुद्धिवाद्याने ती ऐकली तर म्हणेल, भ्रष्ट पोर्तुगीज. जसे त्या मुलाने रेवदंड्याला म्हटले, अतिक्रमण.

आता मुद्द्यावर येतो, कारण हा प्रश्न रेवदंड्यापुरता नाही. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणे काढण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या नेमल्या. त्याच वर्षी जुलैत युनेस्कोने आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी मिळून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. आनंदाची गोष्ट, मीही पेढे वाटले. पण त्या यादीत आमच्या शेजारचा पन्हाळा आहे, आणि पन्हाळा म्हणजे नुसता किल्ला नव्हे. तिथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे आहेत. त्यांनी धास्ती घेतली, उद्या आम्हाला घराचे कौल बदलता येईल का? ही धास्ती वेडगळ नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे आणि २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीने. दुरुस्तीलाही परवानगी लागते. कायद्याचा हेतू चांगला आहे, नाहीतर ताजमहालाच्या भिंतीला लागून लॉज उभे राहिले असते. पण ज्या गावाचे घर न् घर स्मारकाच्या पोटात आहे, तिथे १०० मीटर मोजायचे कुठून? घरातल्या देव्हाऱ्यापासून?

कालपरवा दांडगाईने टाकलेले हॉटेल आणि सात पिढ्यांचे घर, दोन्ही 'अतिक्रमण' या एकाच शब्दात घालू नये एवढे माझे म्हणणे आहे. हॉटेल पाडा, माझी हरकत नाही. कुणी कुठल्याही धर्माच्या नावाने नवीन काही उभारले असेल तर तेही काढा. पण ज्याचा आजा त्या तटाच्या सावलीत जन्मला तो तटाचा चोर नव्हे. तो हवा तर त्याचा बिनपगारी पहारेकरी आहे. रेवदंड्यात मी पाहिले, भिंतीत पिंपळ रुजला की वहिनी तो कोवळा असतानाच उपटतात. शिडी लावून. पुण्यकर्म म्हणून नव्हे, भिंत सुपारीवर पडेल म्हणून. कोर्लईच्या तटातला पिंपळ कोण उपटतो? वर्षाकाठी येणारी मुले, आली तर.

आणि हाच शेजार हजार तऱ्हांनी उपयोगी पडतो. याच रेवदंड्यात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी. बिचाऱ्याने विकायला एक घोडा आणला होता. तो जुन्नरच्या खानाने हिसकावून घेतला आणि धर्म बदल म्हणून अट घातली. एका खोरासानी भल्या माणसाने मध्ये पडून त्याला सोडवले. त्याने सगळे लिहून ठेवले, इथली माणसे, इथले कपडे, आपल्या गोऱ्या कातडीकडे बघायला मागे लागणारी गर्दी. घरी पोचण्याआधीच वाटेत वारला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे आणि ते कुठे आहे? एका हायस्कूलच्या आवारात. मला हे फार आवडले. मोठ्या चौकात उभारले असते तर कावळ्यांनी बघितले असते. शाळेच्या आवारात आहे म्हणून रेवदंड्याचे कुठलेही पोर निकितिनची गोष्ट सांगते, घोड्यासकट. मी दोघांना विचारून बघितले. तसेच बेने इस्रायली लोकांचे देऊळ गावात आहे. त्यांची बहुतेक मंडळी इस्रायलला गेली, पण ते कुठे आहे असे विचारले की लोक हात करून दाखवतात. चौलचे रामेश्वराचे देऊळ, पुढची पुष्करणी, दुष्काळ पडला की उघडायचे ते पर्जन्यकुंड, सगळे आम्हाला चौलच्या एका दुकानदाराने दुकान तसेच टाकून हिंडून दाखवले. तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती म्हणे चौलला. आकडा मोजून नसेल, पण ज्याच्या तोंडी तो आकडा आहे त्याच्या गावाबद्दलच्या अभिमानाची बेरीज बरोबर आहे.

तेव्हा धोका कुणाकडून आहे? राहणाऱ्याकडून आहे असे मला वाटत नाही. धोका आहे तो राहणारा निघून जाण्याचा. अलिबागच्या बाजूला जमिनींचे भाव काय झालेत ते मी सांगायला नको. मुंबईच्या माणसाला समुद्रकाठी बंगला हवा. वहिनींच्या मुलालाही वाडी विकायची आहे, आणि त्याचेही चूक म्हणवत नाही. सुपारीवर घर चालत नाही, आणि वादळ आले की वर्षानुवर्षांची झाडे एका दिवसात आडवी. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वहिनींची निम्मी पोफळ गेली. पोफळ पुन्हा लावून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तोवर खायचे काय? घेणारा आला तर तो त्या नक्षीच्या दगडाचे काय करील? एक तर तो बागेत दिवा लावून मांडील, नाहीतर जेसीबीने खाडीत ढकलील. पण सासूबाईंची आज्ञा त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

म्हणून मला सरकारला काही सांगायचे असेल (ते माझे कधी ऐकत नाही, तो भाग वेगळा) तर इतकेच, की या घरांना आधी कागदावर 'घर' म्हणा. दुरुस्तीच्या परवानगीला अर्जदाराचे उरलेले आयुष्य जाऊ नये. चुन्यात काम करणारे गवंडी तयार करा आणि त्यांची मजुरी निम्मी तरी सरकारने द्यावी. वहिनींनी मागे भिंतीची एक भेग सिमेंटने बुजवली. चुन्याच्या भिंतीला सिमेंट चालत नाही, आत पाणी कोंडते, शेजारचा दगड सुटतो. हे मला तिथल्याच एका म्हाताऱ्या गवंड्याने सांगितले. त्याला चुना मळता येतो, पण त्याच्या मुलाला येत नाही. वहिनी म्हणाल्या, "सिमेंट दुकानात मिळतं हो. चुन्याला माणूस कुठून आणू?" याला काय उत्तर आहे?

आमच्या तासगावातही हेच बघतो. गणपतीचे देऊळ आणि गोपूर धडधाकट आहे, कारण तिथे रोज घंटा वाजते आणि भाद्रपद पंचमीला सारे गाव रथाच्या दोराला हात लावते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणेच्या स्वाऱ्यांत गोपुरे पाहिली आणि घरी येऊन आपल्या गणपतीला तसे बांधले, ते अठराव्या शतकात. आजही त्याच्याखालून भाजी घेऊन बायका जातात. मात्र गावातले जुने वाडे एकेक करून रिकामे झाले. मुले पुण्याला, मुंबईला, आमच्यासारखी जर्मनीला. रिकाम्या वाड्याचे पहिले कौल सरकते, मग वासा, मग एका पावसाळ्यात भिंत बसते, आणि नंतर 'धोकादायक इमारत' म्हणून नोटीस येते. माणूस असता तर पहिले कौल सरकले त्याच दिवशी तो शिडी लावून वर चढला असता. आमच्या भाऊबंदांपैकी जे हे वाचत असतील त्यांनी आपल्या सामाईक वाड्याचा विषय दिवाळीच्या आत काढावा, ही जाता जाता विनंती. मी तिथे राहायला तयार आहे. सौ. तयार आहे की नाही ते विचारून सांगतो.

कुणाला रेवदंड्याला जायचे असेल तर थंडीत जा, आणि मुक्काम करा. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर कोटात हिंडा. सुपारी तिथूनच घ्या. ओहोटी असेल तेव्हा समुद्राकडून तट बघा, आतून दिसतो त्याच्यापेक्षा फार मोठा दिसतो. चौलला भोवाळ्याच्या टेकडीवर दत्त आहे, पायऱ्या पुष्कळ आहेत, दत्तजयंतीला तिथे मोठी जत्रा भरते. आम्ही वहिनींना परवा फोन केला होता. जागा बघायला मुंबईहून दोघे येऊन गेले म्हणाल्या. अजून काही ठरलेले नाही.